सेदान ठरली, आता इंजिन कोणते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मध्यम आकाराची प्रीमियम सेदान घ्यायची हे नक्की, पण इंजिनांची यादी पाहून डोके चक्रावले आहे. तेच दोन लिटरचे पेट्रोल इंजिन दोन वेगवेगळ्या शक्तींत मिळते, दोन लिटरचे डिझेल आहे, तीन लिटरचे सहा सिलिंडरवाले आहे आणि वर प्लग-इन हायब्रिड, म्हणजे वायर लावून चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली गाडी. रोजचा वापर घर ते ऑफिस, एका बाजूने आठ-दहा किलोमीटर, तेही गर्दीतून. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास, गाडीत चौघे आणि सामान. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची आहे. आणि शेवटी विचारलेत की कमी शक्तीचे इंजिन घेऊन पुढे ट्यून करून, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून शक्ती वाढवून घेतली तर चालेल का.

मी ही इंजिने विकत नाही, उघडतो. टर्बो पेट्रोल आणि डिझेल इंजिनांची दुरुस्ती हेच माझे रोजचे काम, त्यामुळे शून्यापासून शंभरला किती सेकंदांत पोचते हे मी सगळ्यात शेवटी पाहतो. पहिला प्रश्न वेगळा आहे: तुमच्या वापरात इंजिन पूर्ण गरम होऊन दिवसाला किती वेळ चालणार? त्याचे खरे उत्तर दिलेत की यादी आपोआप लहान होते.

आधी शक्तीचा हिशेब उरकून टाकू, कारण सगळी घासाघीस तिथेच होते. सोळाशे-सतराशे किलोची, हवा नीट कापणारी सेदान सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने नुसती चालती ठेवायला सहा-सात हॉर्सपॉवर पुरतात. ताशी १०० ला वीसच्या आसपास लागतात. हवेशी झगडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १३० ला हा आकडा तिशीच्या पुढे जातो. बाकीची सगळी शक्ती वेग वाढवायला, चढाला आणि ओव्हरटेकला. म्हणजे १८४ हॉर्सपॉवर की २५८, हा प्रश्न गाडी चालवताना बहुतेक मिनिटांत पडतच नाही.

उदाहरणाला बीएमडब्ल्यूची इंजिने घेतो, कारण तुमच्या यादीतले सगळे प्रकार त्यांच्याकडे एकाच घराण्यात सापडतात. ३ सिरीज आकाराने थोडी लहान धरली जाते, पण तीच इंजिने ५ सिरीजमध्येही बसतात. दोन लिटरचे पेट्रोल म्हणजे बी४८: १९९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८२ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९४.६ मिलिमीटर. ३ सिरीजच्या जी२० पिढीच्या ३२०आयमध्ये ते १८४ हॉर्सपॉवर आणि १३५० ते ४००० आरपीएमपर्यंत ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. ३३०आयमध्ये २५८ हॉर्सपॉवर आणि १५५० ते ४४०० पर्यंत ४०० न्यूटन-मीटर.

आता साधे गणित करा. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतात. १८०० आरपीएमला पूर्ण पाय दाबलात तर ३२०आय ५६ किलोवॅट, म्हणजे ७७ हॉर्सपॉवरच्या आसपास देते आणि ३३०आय १०२ च्या आसपास. फरक पंचवीसचा. ४००० आरपीएमला हाच फरक १७१ विरुद्ध २२८ होतो. आणि हे दोन्ही आकडे पाय पूर्ण दाबल्यावरचे आहेत. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत कोणी एवढा पाय देत नाही. अर्ध्या पायाने चालवताना डोळे मिटून बसवले तर दोन गाड्यांतला फरक ओळखणे मला तरी अवघड जाईल. फरक कळतो तो चौघे, भरलेली डिकी, लांब चढ आणि पुढे ट्रक असेल तेव्हा. तेव्हा मात्र नीट कळतो.

आता गरम-थंडाच्या मुद्द्याकडे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला की लोक समजतात इंजिन गरम झाले. तो काटा कूलंटचे तापमान दाखवतो, तेही गुळगुळीत करून. साधारण पंचाहत्तर अंशांपासून शंभराच्या वरपर्यंत तो बहुतेक गाड्यांत एकाच जागी उभा असतो. चालकाला उगाच काळजी नको म्हणून तसा बसवलेला असतो. ऑइल मात्र कूलंटच्या बरेच मागून गरम होते. ज्या गाड्यांत ऑइलचे तापमान स्क्रीनवर पाहता येते, त्यात हे एकदा बघाच. काटा मध्यावर येऊन बराच वेळ झाला तरी ऑइल अजून साठ-सत्तरच्या घरात रेंगाळत असते. आठ किलोमीटरच्या फेरीत ते नव्वदला पोचते न पोचते तोच तुम्ही पार्किंगमध्ये.

यात बिघडते काय? इंजिन थंड असताना जास्त इंधन ओतावे लागते आणि त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीला चिकटते. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या इंजिनांत हे प्रमाण अधिक. ते पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की वजनाने जवळपास एक किलो पाणी वाफ होऊन तयार होते. त्यातला थोडा हिस्सा रिंगांमधून खाली जातो आणि थंड क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइल असलेल्या पोकळीत, त्याचे पाणी होते. ऑइल नव्वद-शंभर अंशांवर पुरेसा वेळ राहिले तर हे इंधन आणि पाणी दोन्ही उडून जातात, नाहीतर साठत जातात. छोट्या फेऱ्यांवर चालणाऱ्या गाडीचे ऑइल भरायचे झाकण उघडले की आतल्या बाजूला फिकट पिवळा, मळकट चिकट थर दिसतो. तो थर म्हणजे ऑइल आणि पाणी घुसळून झालेले मिश्रण. थंडीत असा थर दिसला म्हणून लगेच हेड गॅस्केट गेले असे नाही, पण गाडी कशी वापरली जाते हे मला तिथेच कळते.

हे समजले की डिझेलचा निकाल सोपा होतो, आणि तो तुमच्या विरुद्ध जातो. वाईट वाटते, कारण इंजिन म्हणून आजचे दोन लिटरचे डिझेल ही अफाट गोष्ट आहे. ३२०डी १९० हॉर्सपॉवर देते आणि १७५० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान ४०० न्यूटन-मीटर, म्हणजे दोन हजारला ती ३३०आयइतकेच ओढते. मर्सिडीजने २०१६ मध्ये ई-क्लासमधून आणलेले ओएम६५४ बघा: अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि त्यात पोलादी पिस्टन. अ‍ॅल्युमिनियमपेक्षा पोलाद उष्णतेने कमी फुगते, त्यामुळे ब्लॉक गरम होऊन फुगला की पिस्टनला मोकळीक मिळते आणि घर्षण घटते. त्याच्या आधीच्या इंजिनापेक्षा हे सुमारे पस्तीस किलोंनी हलके होते. महामार्गावर अशा इंजिनाला आजही तोड नाही. फक्त लिटरमागे किती किलोमीटर हे पाहून भुलू नका. डिझेल पेट्रोलपेक्षा जड असते, त्याच्या एका लिटरात दहा टक्क्यांहून थोडी जास्त ऊर्जा असते आणि जळाल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइडही जास्त निघतो: पेट्रोलच्या लिटरमागे २.३ किलो, डिझेलच्या लिटरमागे सुमारे २.६.

डिझेलची अडचण इंजिनात नाही, त्याच्या मागे आहे. धूर स्वच्छ करायला मागे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर बसवलेला असतो. त्यात काजळी साठते आणि ती वेळोवेळी जाळावी लागते. लांब, भरधाव प्रवासात एक्झॉस्ट पुरेसे तापले की बरीच काजळी चालता चालता जळते. शहरात ते होत नाही. मग संगणक ठरवतो की आता मुद्दाम जाळायची, आणि इंजेक्टरमधून उशिरा जादा डिझेल सोडून फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास नेतो. हे काम पुरे व्हायला सलग दहा ते वीस मिनिटे लागतात. तुम्ही मधेच ऑफिसला पोचता आणि गाडी बंद करता. संध्याकाळी परत तेच. दर वेळी उशिरा सोडलेल्या डिझेलमधले थोडे रिंगांवाटे खाली ऑइलमध्ये जाते.

अशी गाडी माझ्याकडे येते तेव्हा मालक म्हणतो, ऑइल खात नाही हो, उलट पातळी वाढलेली दिसते. डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालून काढायची. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. दोन बोटांत घेऊन चोळले तर पातळ, आणि नाकाजवळ नेले तर सरळ डिझेलचा वास. हे ऑइल बेअरिंग आणि टर्बोला आधार देण्याच्या लायकीचे राहिलेले नसते. कित्येक नव्या गाड्यांत तर डिपस्टिकच नाही, पातळी स्क्रीनवर पाहायची, म्हणजे चोळणे आणि वास घेणे दोन्ही गेले.

काजळी जाळणे चालू असल्याच्या खुणा ओळखता येतात. उभ्या गाडीत आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर असते, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होत नाही, गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो, गरम धातूचा वास येतो. अशा वेळी शक्य असेल तर थांबू नका, एक लांब चक्कर मारा. पण रोज असे कोण करणार? शिवाय काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑइलमधल्या धातूच्या घटकांपासून बनते आणि फिल्टरमध्ये कायमची बसते, म्हणून डिझेलला कमी राखेचे ऑइलच घालावे लागते. थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हवर काजळीचा थर, धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या अ‍ॅडब्ल्यूची टाकी, त्यातले ३२.५ टक्के युरियाचे द्रावण, त्याचा पंप, हीटर, सेन्सर, हे सगळे वेगळेच. रोज पन्नास-साठ किलोमीटर मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्याला मी डिझेलच सांगतो, डोळे झाकून. तुम्हाला नाही.

पेट्रोललाही छोट्या फेऱ्या मानवत नाहीत, पण ते सहन करते. त्याचा एक्झॉस्ट मुळात जास्त गरम असतो, आणि जिथे पेट्रोललाही फिल्टर बसवला आहे तिथे तो पाय सोडून गाडी पळताना मिळणाऱ्या हवेवर बऱ्यापैकी साफ होत राहतो. त्याचे दुखणे वेगळ्या जागी आहे. इंधन थेट सिलिंडरमध्ये पडत असल्याने इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल कधी पोचतच नाही. पूर्वी पेट्रोलच व्हॉल्व्ह धुवून काढायचे. आता क्रँककेसमधून येणारी ऑइलची वाफ तिथे बसते, भाजते आणि काळे खरखरीत कवच होते. खूप वाढले की थंड इंजिन सुरू होताना अडखळते, आणि मग मॅनिफोल्ड काढून अक्रोडाच्या कवचाची भुकटी हवेच्या दाबाने मारून साफ करावे लागते. काही इंजिनांत यावर उत्तर म्हणून दोन ठिकाणी इंजेक्टर दिलेले असतात, सिलिंडरमध्ये आणि पोर्टमध्येही. टोयोटा आणि लेक्ससचे डी-४एस त्याच प्रकारचे. फोक्सवॅगन-ऑडीच्या ईए८८८ च्या तिसऱ्या पिढीतही अशी रचना आली, पण सगळ्या देशांत सगळ्या प्रकारांना ती मिळाली नाही. विकत घेण्याआधी नेमके हे विचारा. विक्रेत्याला बहुधा माहीत नसेल, सर्व्हिसवाल्याला असेल.

दुसरी गोष्ट कमी आरपीएमवरच्या भाराची. लहान टर्बो इंजिनात १५०० च्या आसपास एकदम पूर्ण भार टाकला तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेऊ शकते. हे साधे नॉकिंग, म्हणजे ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप भडकून होणारा ठोका, नव्हे. एकाच दणक्यात पिस्टनची रिंग बसवायची कड तुटू शकते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतःहून खालचा गिअर घेतो, म्हणून धोका कमी. पण मॅन्युअल मोडमध्ये वरच्या गिअरला अडकवून चढावर पूर्ण पाय देण्याची सवय असेल तर ती सोडा. ऑइलचाही यात हात असतो. एपीआय या अमेरिकन तेल-उद्योग संस्थेच्या एसपी दर्जात या धोक्याची चाचणी आहे. कंपनीने सांगितलेला दर्जा घाला आणि तुमच्यासारख्या वापरात ऑइल बदलण्याचे अंतर स्क्रीनवर दिसते त्याच्या निम्मे धरा. या एका सवयीने टर्बो, टायमिंग चेन आणि रिंगा तिन्ही वाचतात.

पेट्रोलच्या झाकणाच्या आत ऑक्टेन लिहिलेले असते, तेही पाळा. कमी ऑक्टेनचे घातले तर नॉक सेन्सर ठिणगी मागे ओढून इंजिन वाचवतो, पण मग तुम्ही विकत घेतलेली शक्तीही जाते आणि अ‍ॅव्हरेजही.

आता सहा सिलिंडर. इथे मी थोडा पक्षपाती आहे, आधीच सांगतो. बीएमडब्ल्यूचे बी५८ २०१५ मध्ये आले. बोअर-स्ट्रोक दोन लिटरवाल्याचेच, सिलिंडर सहा, एकूण २९९८ सीसी. एम३४०आयमध्ये ३७४ हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन-मीटर. पण त्याचा खरा गुण हा आकडा नाही.

चार सिलिंडरच्या रांगेत दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात, म्हणून वरवर पाहता सगळे तोलले गेले असे वाटते. तसे होत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्यामुळे क्रँकच्या वरच्या अर्ध्या फेऱ्यात पिस्टन जास्त अंतर कापतो आणि खालच्या अर्ध्यात कमी. त्यातून क्रँकच्या दुप्पट वेगाने वर-खाली हादरणारे बल उरते आणि चारही पिस्टनचे ते एकाच दिशेला पडते. म्हणून दुप्पट वेगाने फिरणारे बॅलन्स शाफ्ट घालावे लागतात. सहाच्या सरळ रांगेत ही बले एकमेकांना पूर्णपणे मारतात, वेगळा शाफ्ट लागत नाही. शिवाय चारमध्ये क्रँकच्या दर १८० अंशांना एक स्फोट, सहामध्ये दर १२० ला. ७०० आरपीएमच्या आयडलिंगला चार सिलिंडर सेकंदाला सुमारे तेवीस ठोके देते, सहा सिलिंडर पस्तीस. तेवीसचा ठोका सीटला आणि स्टीअरिंगला जाणवू शकतो. पस्तीसचा माउंटिंगमध्येच जिरवणे खूप सोपे जाते. सिग्नलला एसी चालू ठेवून दोन्ही गाड्यांत बसा, कळेल. व्ही६ हा वेगळा प्राणी. तो लांबीला आखूड म्हणून आडव्या बसवणीत सोयीचा, पण तोलाच्या बाबतीत सरळ सहाची बरोबरी करत नाही.

सिलिंडर कमी करून आकडा कितीही वाढवता येतो हे मर्सिडीजने दाखवून दिले. २०२१ ची सी-क्लास सगळी चार सिलिंडरची, अगदी सी ६३ एस ई परफॉर्मन्ससुद्धा: दोन लिटर, विजेच्या मोटरसह एकूण ६८० हॉर्सपॉवर, वजन दोन टनांच्या पुढे. अभियांत्रिकी म्हणून टोपी काढावी अशी, पण आधीच्या व्ही८ वर प्रेम करणारे तिच्याकडे फिरकले नाहीत. प्रीमियम गाडीत लोक शांतपणा आणि आवाज यांचेही पैसे मोजतात, आणि ते कुठल्या तक्त्यात छापलेले नसते.

सहा सिलिंडर तुमच्यासाठी योग्य का? आठ किलोमीटरच्या फेरीत ते चारपेक्षा उशिरा गरम होते, गर्दीत इंधन जास्त पिते आणि त्याची शक्ती तुम्ही महिन्यातून एकदाच वापराल. व्यवहाराने पाहिले तर नाही. पण मन तिथेच अडकले असेल तर हे इंजिन टिकाऊपणाच्या बाबतीत तुम्हाला पस्तावायला लावणार नाही. एवढा मोठा ब्लॉक रोजच्या वापरात कधी ताणलाच जात नाही. स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळे सहाच्या हिशेबाने बदलावे लागतील, एवढे धरून चाला.

प्लग-इन हायब्रिडबद्दल लोकांचा सर्वांत जास्त गैरसमज होतो. तुमचा वापर कागदावर त्याला अगदी चपखल बसतो. रोजचे वीस किलोमीटर पूर्ण विजेवर जातील, इंजिन सुरूच होणार नाही, म्हणजे गरम-थंडाचा प्रश्नच मिटला. पण हे खरे तेव्हाच, जेव्हा गाडी उभी राहते तिथे चार्जिंगची सोय आहे आणि रोज रात्री वायर लावायचा तुम्हाला कंटाळा नाही. युरोपियन कमिशनने मार्च २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या गाड्यांच्या नोंदी जाहीर केल्या. त्यात प्लग-इन हायब्रिडचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाले. गाडीत दोष नव्हता, लोक चार्ज पुरेसा करत नव्हते. चार्ज न केलेला प्लग-इन म्हणजे दोन-तीनशे किलोचे ओझे वाहणारी पेट्रोल गाडी.

इंजिनाच्या बाजूनेही एक गोम आहे. तुम्ही विजेवर ताशी ९० ने जाताय, ओव्हरटेकला पाय पूर्ण दाबलात, आणि तासभर थंड पडलेले इंजिन त्या क्षणी सुरू होऊन थेट भाराखाली येते. कंपन्या सुरुवातीला भार आवरता घेतात, मोटरकडून जास्त काम करून घेतात, पण थंड ऑइल ते थंडच. इंजिन फार दिवस सुरू झाले नाही तर टाकीतले पेट्रोलही जुने होते. म्हणून कित्येक प्लग-इन गाड्यांची टाकी दाब धरणारी, बंदिस्त असते आणि ठरावीक काळाने गाडी स्वतःच इंजिन थोडा वेळ चालवते. तेव्हा घाबरून वर्कशॉपला फोन करू नका. डिकीची जागा मात्र आधी डोळ्यांनी बघा, कारण बॅटरी बऱ्याचदा तिथेच घुसवलेली असते आणि तुम्ही चौघे सामानासह निघता.

तुमच्या यादीत नसलेला एक पर्याय सुचवतो: वायर न लावायचे पूर्ण हायब्रिड. २०१८ च्या लेक्सस ईएस ३००एचमध्ये अडीच लिटरचे, टर्बो नसलेले, अ‍ॅटकिन्सन पद्धतीचे (शक्ती थोडी सोडून इंधन वाचवणारे) इंजिन आहे, त्याची औष्णिक कार्यक्षमता ४१ टक्के आणि मोटर धरून एकूण शक्ती २१८ हॉर्सपॉवर. टर्बो नाही, नेहमीचा स्टार्टर मोटर नाही, क्लच नाही, पट्ट्यावर चालणारा अल्टरनेटर नाही, इंधन पोर्टमध्येही पडते. बिघडायला जागाच कमी. गर्दीत अर्धा वेळ इंजिन बंद असते. दोष एकच. चढावर पूर्ण पाय दिला की इंजिन वरच्या आरपीएमला जाऊन तिथेच आवाज करत राहते आणि वेग मागून येतो. काहींना ते अजिबात सहन होत नाही, काहींच्या लक्षातही येत नाही. एकदा चालवून पाहा.

४८ व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडला, म्हणजे इंजिनाला छोट्या मोटरची नुसती मदत असलेल्या रचनेला, वेगळे इंजिन समजू नका. सिग्नलला बंद झालेले इंजिन धक्का न देता परत सुरू होणे हा त्याचा खरा फायदा, आणि गर्दीत तो रोज मिळतो. अ‍ॅव्हरेज थोडेसे सुधारते, एवढेच.

गिअरबॉक्सचेही तेवढेच पाहा. टॉर्क कन्व्हर्टरवाला आठ किंवा नऊ गिअरचा बॉक्स मुंगीच्या चालीच्या ट्रॅफिकमध्ये ड्युअल क्लचपेक्षा मऊ वागतो. ड्युअल क्लचची गाडी घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला मुद्दाम गर्दीत जा, चढावर रिव्हर्स घेऊन पाहा.

टेस्ट ड्राइव्हची वेळ सकाळची पहिली मागा आणि आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन कसे सुरू होते ते स्वतः ऐका, बॉनेट उघडे ठेवून. पहिल्या अर्ध्या मिनिटात कॅटॅलिस्ट तापवायला आरपीएम वर जाते, डायरेक्ट इंजेक्शनचे इंजेक्टर टकटक करतात, ते नॉर्मल. चेनची खडखड ऐकू आली तर नॉर्मल नाही. मग चौघांना बसवा. एकट्याने चालवून १८४ पुरतात की नाही हे कधीच कळणार नाही.

तर तुमच्यासाठी माझा निर्णय: घरी चार्जिंग असेल आणि डिकी पुरत असेल तर प्लग-इन. नसेल तर कमी शक्तीचे दोन लिटरचे पेट्रोल, आणि ऑइल लवकर बदलत राहा. लांबचा प्रवास दर वेळी चौघांनी आणि घाटातून असेल, तरच जास्त शक्तीच्या पेट्रोलला पैसे घाला. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर न्या, २५०० ते ३००० आरपीएमवर, म्हणजे ऑइलमधले पाणी आणि इंधन उडून जाईल.

राहिला ट्यूनिंगचा प्रश्न. ३२०आय आणि ३३०आयमध्ये फक्त सॉफ्टवेअरचा फरक आहे असे सर्रास सांगितले जाते. तसे नाही. कमी शक्तीच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते) ११:१ आहे, जास्त शक्तीच्याचे १०.२:१, म्हणजे पिस्टनच वेगळे. टर्बोही वेगळा. कॉम्प्रेशन जास्त ठेवता आले कारण टर्बोचा दाब कमी ठेवला आहे, आणि त्यामुळेच हलक्या पायाने ते जास्त काटकसरी आहे. त्यावर सॉफ्टवेअरने दाब चढवलात तर नॉकिंगपासूनचे अंतर दोन्ही बाजूंनी खाल्ले जाते, वर वॉरंटीही जाते. गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची म्हणता, तर जास्त शक्ती हवी असल्यास बुकिंग करतानाच ३३०आय घ्या. ३२०आय घेतलीत तर तिच्या सॉफ्टवेअरला हात लावू नका.